‘ले दियाबोलिक’ मराठीत आणताना : कामाच्या नोंदी

4 जून

आमच्या चित्रपट मंडळाच्या बैठकीत ठरलं. ऑगस्टच्या खेळाला फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझोचा चित्रपट ‘ले दियाबोलिक’ दाखवायचा आणि सबटायटल्स मराठीत द्यायची. फ्रेंच मला येतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. खेळाची परवानगी आणि चांगली प्रत मिळवणं सचिवांकडे. अजून अडीच महिने आहेत.

हाच चित्रपट का, असं एकाने विचारलं. बंद निवासी शाळेतली भीती इतकी खरी मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाही, एवढंच मी सांगितलं. पाचवी ते दहावी मी वसतिगृहात होते. यातली मुलं जेवायला बसतात तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आमच्या मेसमधल्या ओल्या फडक्याचा वास मला आला होता.

एक नियम आजच घालून घेते. शेवट कुठेही लिहायचा नाही, माहितीपत्रकात नाही आणि या नोंदींतही नाही. चित्रपट संपल्यावर पडद्यावर प्रेक्षकांना विनंती येते की तुम्ही जे पाहिलंत ते मित्रांना सांगून त्यांचा रस घालवू नका. ती विनंती 1955 पासून आहे, आणि मी ती पाळणार.

7 जून

प्रत आली. वही घेऊन सलग पाहिला.

मंडळातल्या ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा, सांगता येईल तेवढीच. पॅरिसला लागून सँ-क्लूमध्ये देलासाल नावाची मुलांची निवासी शाळा. मुख्याध्यापक मिशेल देलासाल (पॉल मेरीस). शाळा उभी आहे ती त्याची बायको क्रिस्तिना हिच्या पैशावर. क्रिस्तिना मूळची व्हेनेझुएलाची, देवभोळी, हृदयाने अधू, आणि शाळेत इंग्रजी शिकवते (व्हेरा क्लूझो, दिग्दर्शकाची पत्नी). निकोल ही दुसरी शिक्षिका, मिशेलची प्रेयसी (सिमोन सिन्योरे). सगळ्या शाळेला हे ठाऊक आहे. मिशेल दोघींनाही छळतो. सुट्टीत दोघी निकोलच्या गावी, निऑरला जातात, त्याला तिथे बोलावून घेतात, दारूतून गुंगीचं औषध देतात आणि न्हाणीतल्या टबात बुडवतात. वेताच्या मोठ्या पेटाऱ्यातून प्रेत शाळेत आणून पोहण्याच्या तलावात टाकतात. ते वर येईल, अपघात ठरेल, असा हिशेब. प्रेत वर येत नाही. तलाव उपसायला लावतात. तळाला प्रेत नाही.

मी इथेच थांबते. यापुढे अजून अर्धा चित्रपट आहे.

आज नव्याने दिसलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीची होडी. पावसाने साचलेल्या डबक्यात मुलांनी सोडलेली कागदाची होडी आहे. मुख्याध्यापकाची गाडी फाटकातून आत येते आणि चाक तिच्यावरून जातं. गाडीत मुलांच्या जेवणासाठी स्वस्तात आणलेला शिळा माल आहे. माणूस अजून दिसलेला नाही आणि शाळा कळलेली आहे. इथे एकही संवाद नाही, म्हणजे सबटायटलही नाही. माझ्या कामाची सुरुवात हात न लावण्याने होते, हे मला बरं वाटलं.

11 जून

दोन दिवस तांत्रिक घोळात गेले. वेळ जुळवण्यासाठी एका जुन्या डीव्हीडीबरोबरची फ्रेंच सबटायटल फाइल घेतली होती. पहिली ओळ बरोबर पडली, दहाव्या मिनिटाला ओळी ओठांच्या पुढे धावू लागल्या आणि शेवटाकडे तर प्रश्नाआधी उत्तर. कारण साधं आहे. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, युरोपातल्या जुन्या डीव्हीडी 25 ने चालतात. त्यामुळे आमची 117 मिनिटांची प्रत तिथे 112 मिनिटांत संपते. सगळ्या वेळा 25/24 ने गुणल्या आणि फाइल बसली. तरी प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला कानाने तपासणार आहे.

माझ्यापुरते नियम : एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत 36 अक्षरांच्या आत, आणि एक सेकंदाहून कमी काहीच दाखवायचं नाही. मराठी वाक्य फ्रेंचपेक्षा लांबत नाही. क्रियापद शेवटी येतं, अडचण त्याची आहे. “मी त्याला मारलं” मध्ये मारणं सगळ्यात शेवटी, आणि पडद्यावरचा चेहरा त्याआधीच बदललेला असतो.

15 जून

नाव.

फ्रेंचमध्ये ‘ले दियाबोलिक’ला लिंग नाही. ‘ले’ दोन्हीकडे सारखा, ‘दियाबोलिक’ही दोन्हीकडे सारखंच. म्हणजे सैतानी पुरुष की सैतानी बायका, की दोघं मिळून, हे नावावरून कळत नाही. क्लूझोने ते जाणूनबुजून ठेवलं असं मी मानते, कारण सगळं रहस्य त्या एका न कळण्यावर उभं आहे. मराठीत पहिल्यांदा सुचलं ‘कैदाशिणी’. शब्द झणझणीत आहे, पण दार पहिल्याच पाटीला उघडतो आणि तेही एकाच बाजूचं. ‘सैतानी माणसं’ चाललं असतं, नपुंसकलिंगाने लाज राखली असती, पण कानाला मिळमिळीत लागतं.

आज भाजी निवडताना शब्द सापडला : ‘पाताळयंत्री’. आमच्या आजीचा शब्द. वरून शांत आणि खाली खोल डाव रचणारं माणूस. विशेषण आहे, तिन्ही लिंगांत आणि दोन्ही वचनांत तसंच राहतं. एक आहे की अनेक, बाई की पुरुष, काहीच सांगत नाही. आणि पाताळ म्हटलं की मला तो तलाव दिसतो, वर पानांचा थर साचलेलं हिरवट काळं पाणी.

सचिवांना फोन केला. त्यांनी एकदा मोठ्याने उच्चारून पाहिलं आणि म्हणाले, “पोस्टरवर हेच.”

19 जून

खरं काम आज सुरू झालं असं म्हणायला हवं.

फ्रेंचमध्ये गैरहजर पुरुषासाठी एकच शब्द आहे, ‘इल’. देवाला इल, कुत्र्याला इल, नवऱ्याला इल. मराठीत मला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं : तो की ते? आणि हा चित्रपट तर जवळजवळ सगळाच एका गैरहजर पुरुषाबद्दल बोलत असतो.

निकोलचं सोपं आहे. ती त्याला पहिल्यापासून ‘तो’ म्हणेल. डोळ्यांवरचा काळा गॉगल, त्यामागे सुजलेला डोळा, तो गॉगल उतरवतानाचा हात. त्या बाईच्या तोंडी ‘ते’ येणार नाही.

क्रिस्तिनाचं काय? 1955 मधली, घटस्फोटाला पाप मानणारी बायको. तिचा मराठी स्वर काढायचा तर ती ‘ते’ म्हणेल, घरात असती तर नुसतं ‘हे’ म्हणाली असती. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे ‘तो’ लिहिलं होतं, कारण इंग्रजी सबटायटल्स डोक्यात होती. वाचून पाहिलं तर दोघी बायका एकसारख्या बोलत होत्या. निकोल आणि क्रिस्तिना एकच झाल्या म्हणजे चित्रपट मेला.

मग दुसरा खर्डा, सगळीकडे ‘ते’. तोही चुकला. जी बाई नवऱ्याला मारायला निघाली आहे ती टबाशेजारी उभी राहूनही ‘ते’?

आता माझा विचार असा आहे. क्रिस्तिना ‘ते’ने सुरुवात करेल. कुठेतरी एकदाच ‘तो’वर येईल. आणि प्रेत नाहीसं झालं की भीतीने परत ‘ते’वर जाईल, कारण जो कदाचित जिवंत आहे, कदाचित कुठल्या तरी खिडकीतून पाहतो आहे, त्याला एकेरी म्हणायची हिंमत तिच्यात उरणार नाही. फ्रेंच संहितेत हा चढउतार नाही. तो अभिनयात आहे, व्हेरा क्लूझोच्या श्वासात आहे. मराठीकडे त्यासाठी व्याकरण आहे. ते न वापरणं मला चूक वाटतं.

‘तो’ नेमका कुठे यावा, हे अजून ठरलेलं नाही.

23 जून

मिशेल बायकोला लाडाने ‘प्तित र्‍वीन’ म्हणतो. छोटासा भग्नावशेष. तिच्या दुखण्यावरून.

या एका शब्दाला तीन दिवस गेले. ‘मोडकी बाहुली’ : फार गोड. ‘फुटकी घागर’ : भांडणातली शिवी झाली. ‘पडका वाडा’ हे मला फार आवडलं होतं, पण मैत्रीण म्हणाली, वाडा म्हटलं की सदाशिव पेठ दिसते, सँ-क्लू नाही. तिचं बरोबर आहे.

शेवटी ‘माझं पडकं घर’. नपुंसकलिंगामुळे जमलं. आपण लाडात माणसाला नपुंसकलिंगी करतो : माझं बाळ, माझं सोनं. त्याच चालीवर, त्याच लाडिक आवाजात, “माझं पडकं घर”. प्रेमाचं व्याकरण तसंच ठेवून आतला अर्थ कुजवलेला. मेरीस ते ज्या नरम सुरात म्हणतो त्यात हे बसतं. शिवाय घर तिचंच आहे, तिच्याच पैशाचं, आणि तो त्यात राहतो.

28 जून

शाळेतले शब्द, थोडक्यात. बोर्डिंगला ‘निवासी शाळा’ लिहिलं तर सरकारी वाटतं, म्हणून मुलांच्या तोंडी ‘बोर्डिंग’ आणि मोठ्यांच्या तोंडी ‘शाळा’. मुख्याध्यापकाला मुलं ‘मुख्याध्यापक सर’ म्हणतील. शिक्षिकांना ‘बाई’, ‘मॅडम’ नाही. फाटकावरचा प्लाँतिव्हो हा शिपाई. आपल्याकडे मुलं ‘शिपाईमामा’ म्हणतात, पण प्लाँतिव्होला मामा केलं तर तो आपल्या गावचा होतो. तिथे मी हात आखडता घेतला. मुलांवर नजर ठेवणाऱ्याला ‘रेक्टर’ लिहायचा मोह झाला होता, वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हा शब्द ऐकून पोटात खड्डा पडेल, पण इथे ते काम शिक्षकच करतात. म्हणून नाही.

3 जुलै

माहितीपत्रकासाठी वाचन.

चित्रपट ज्या कादंबरीवर आहे ती 1952 ची, पिएर ब्वालो आणि तोमा नार्सजाक या जोडीची. तिच्यात शाळाच नाही. फिरता विक्रेता नवरा आणि त्याची डॉक्टर प्रेयसी मिळून बायकोला मारायचा कट करतात. क्लूझोने दोन गोष्टी केल्या : बळीच्या जागी नवऱ्याला आणलं आणि सगळं उचलून मुलांच्या बोर्डिंगमध्ये नेलं.

पहिला बदल सगळे सांगतात. मला दुसरा मोठा वाटतो. दोन माणसांच्या घरात रहस्य लपवायचं तर दारं-खिडक्या लावल्या की झालं. शाळेत लपवायला जागा नाही. तलावाशेजारी मुलं खेळतात, वर्गाच्या खिडकीतून तलाव दिसतो, जेवणाच्या टेबलावर सगळा शिक्षकवर्ग एकमेकांची तोंडं पाहत बसलेला. तरीही कुणी काही बोलत नाही. बाईच्या सुजलेल्या डोळ्याबद्दल विचारत नाहीत. नासका मासा ताटात आला की विचारत नाहीत. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर बायकोला तो घास गिळायला लावतो, त्या वेळी सगळी माना खाली घालतात. बंद शाळा बंद असते ती भिंतींनी नव्हे, या माना खाली घालण्याने.

त्या प्रसंगात माझ्याकडे अगदी थोड्या ओळी आहेत. मेरीसचा आवाज चढत नाही. म्हणून मराठीतही ‘गिळ’ ठेवलं, पण पुढे उद्गारचिन्ह घातलेलं नाही.

ब्वालो-नार्सजाकबद्दल एक वाक्य पत्रकात घेते : त्यांच्याच पुढच्या एका कादंबरीवर हिचकॉकने 1958 मध्ये ‘व्हर्टिगो’ केला.

8 जुलै

आज म्वानेच्या ओळी केल्या. हे काम मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

म्वाने हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. काच फोडली म्हणून त्याला पकडतात. तो सांगतो, मुख्याध्यापक सरांनी माझी बेचकी काढून घेतली आणि मला शिक्षा केली. तोपर्यंत आपल्याला माहीत आहे की मुख्याध्यापक मेलेला आहे. शिक्षक त्याला खोटारडा ठरवतात. तो बदलत नाही. परत तेच सांगतो.

पहिल्या खर्ड्यात मी त्याच्या तोंडी ‘खरंच’ घातलं होतं. “मी खरंच पाहिलं त्यांना.” वाचताना अडखळले. मूळ फ्रेंचमध्ये तो विनवणी करत नाही. आणि खोटारडं ठरवलेलं पोर ‘खरंच’ म्हणत नाही हे मला माहीत आहे.

सहावीत असताना वसतिगृहातल्या कोठीतून गूळ गेला. मी त्या रात्री एका मोठ्या माणसाला कोठीतून बाहेर पडताना पाहिलं होतं. तसं सांगितलं. मला सगळ्यांसमोर उभं करून परत विचारलं, परत विचारलं, आणि तिसऱ्या वेळी मी ‘खरंच’, ‘शप्पथ’ असले शब्द टाकून दिले होते. उरलं होतं फक्त त्यांच्या हातातलं पितळी कुलूप, आणि कुलपाला बांधलेला लाल दोरा. मी फक्त दोरा सांगत राहिले. शिक्षा झालीच. पण दोरा मी सोडला नाही.

म्वानेकडे बेचकी आहे. मी सगळे ‘खरंच’ काढले. आता त्याची ओळ अशी : “मुख्याध्यापक सर आले होते. माझी बेचकी घेतली त्यांनी.” बघा, ज्याने शिक्षा केली त्यालाही ‘सर’, ‘त्यांनी’. तो मुलगा आदरार्थी बोलतो आहे म्हणून ते जास्त भयंकर आहे. मोठी माणसं भूत म्हणत नाहीत, मुलगा भूत म्हणत नाही. तो नुसतं ‘सर आले होते’ म्हणतो.

14 जुलै

आप्पांचा फोन. आप्पा मंडळाचे सगळ्यात जुने सभासद, निवृत्त शिक्षक, आता ऐकू फार कमी येतं. म्हणाले, “मला ओळी वाचता येतील, पण हा आवाजाचा सिनेमा आहे असं तूच सांगितलंस. मग मला काय दिसणार?”

मी गप्प झाले. खरं आहे ते. या चित्रपटात संगीत फक्त सुरुवातीच्या नामावलीवर आणि शेवटी, जॉर्ज व्हान पारीसचं. मधल्या दोन तासांत एकही सूर नाही. जे सांगायचं ते नळ सांगतो, पायऱ्या सांगतात, दार सांगतं. शेवटच्या दहा मिनिटांत तर बोलणं जवळजवळ नाहीच. आप्पांसमोर तेव्हा कोरा पडदा असेल.

आवाजही लिहायचे ठरवलं, चौकटी कंसात. कामाचा आवाका वाढला. तारीख पुढे सरकणार नाही.

20 जुलै

आठवडाभर फक्त आवाज ऐकते आहे, डोळे मिटून, हेडफोन लावून.

निऑरच्या घराचा प्रसंग. खाली दोघी टब भरतात. वरच्या मजल्यावर भाडेकरू नवरा-बायको रेडिओ ऐकत बसलेत आणि पाइपातून येणाऱ्या पाण्याच्या आवाजाने वैतागले आहेत. एवढ्या रात्री आंघोळ कोण करतं! खुनाचा आवाज वरच्या माणसाला फक्त शेजाऱ्यांचा त्रास म्हणून ऐकू येतो. इथे पाण्याचे तीन वेगळे आवाज आहेत आणि तिघांना तीन शब्द हवेत, नाही तर आप्पांना एकच ‘पाणी’ तीनदा वाचावं लागेल.

तोटी पूर्ण सोडल्यावर टबात पडणारं पाणी : धो धो. भरलेल्या टबात माणूस गेल्यावर काठावरून सांडणारं : [पाणी हिंदकळतं]. आणि टब रिकामा होताना जुन्या पाइपात : इथे अडले. ‘खळखळ’ नदीची. ‘गुडगुड’ हुक्क्याची किंवा पोटाची. सकाळी स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं होतं, बोळा काढल्यावर शेवटचं पाणी गेलं तेव्हा उभी राहून ऐकलं. आधी काहीच नाही, मग घुटघुट, मग एकदम घशात काहीतरी ओढल्यासारखं. [पाइपात पाणी घुटघुटतं]. हाच तो.

रात्रीच्या चालण्याचे आवाज जास्त अवघड. [पावलं] लिहिलं की पुरे वाटतं, पण वाचणारा लगेच विचारतो, कुणाची? ऐकणाऱ्यालाही ते कळत नाही, म्हणून वाचणाऱ्यालाही कळता कामा नये. ‘पाऊल’ नपुंसकलिंगी आहे, पुन्हा एकदा मराठीने वाचवलं. [दूरवर पावलं] आणि [पावलं थांबतात]. दार वाजतं तिथे ‘उघडतं’ की ‘लागतं’ हे मलाही कानाने नक्की करता आलं नाही, म्हणून [दार करकरतं].

ज्या ठिकाणी शांतता लांबते तिथे [शांतता] असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिलेलं नाही. रिकामा पडदा आप्पा वाचतील.

26 जुलै

फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली तर ‘पेटाऱ्यात’चा ‘पेटार्यात’ झालेला. जुन्या प्लेअरला ‘ऱ्य’मधला अर्धा र कळत नाही, तो त्याचा रफार करतो. पेटाऱ्यात, पायऱ्या, दुसऱ्या, बिचाऱ्या : या चित्रपटात ऱ्य पावलोपावली आहे. फाँट बदलून पाहिला, फाइल यूटीएफ-8 मध्ये परत जतन केली, काही नाही. शेवटी सबटायटल्स चित्रावरच कोरून घ्यायचं ठरवलं, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षर फुटणार नाही. त्यात एक रात्र गेली. मराठी वाचणाऱ्याला ‘पायर्या’ खपवून घ्यायला लावणं मला मान्य नाही.

2 ऑगस्ट

सभागृहात तालीम. पत्र्याचं छप्पर. पहिली वीस मिनिटं बरी गेली आणि पाऊस कोसळला. संवादच ऐकू येईनात, मग नळ कुठून ऐकू येणार! आवाजाच्या ओळी लिहिल्या होत्या त्या आप्पांसाठी, आज सगळ्यांनाच लागल्या.

तरी असं चालणार नाही. सचिवांनी संध्याकाळपर्यंत स्लॅबच्या छताचा दुसरा हॉल पाहिला. 90 खुर्च्या बसतात. तारीख तीच, 17.

पॅरिसमध्ये चित्रपट 29 जानेवारी 1955 ला लागला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणाला आत सोडू नका अशी सूचना होती. आम्हीही दार लावणार. पोस्टरवर तसं छापायला दिलं.

9 ऑगस्ट

‘तो’ची जागा ठरली.

निऑरला मिशेल आला आहे. बाटली टेबलावर आहे. क्रिस्तिना कच खाते, तिच्याने पेला पुढे करवत नाही. मग तो तिच्यावर हात उगारतो. त्यानंतर ती पेला भरते. तोवर सगळीकडे ‘ते’. तिथून पुढे, निकोलला ती पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलते तिथे ‘तो’. मग पेटारा गाडीत चढवणं, सित्रोएन 2 सीव्हीच्या त्या पत्र्याच्या डब्यातून रात्रभर सुमारे 400 किलोमीटरचा परतीचा रस्ता, तलाव : सगळं ‘तो’. तलाव उपसून रिकामा निघाल्यावर, ‘ते’. त्यानंतर धोब्याकडून त्याचा सूट धुऊन परत येतो, शाळेच्या फोटोत मागच्या खिडकीत एक अस्पष्ट चेहरा दिसतो, आणि क्रिस्तिनाचं ‘ते’ प्रत्येक ओळीत जास्त हळू होत जातं.

रात्री शेवटपर्यंत एकदा चालवलं. व्हेरा क्लूझोने आयुष्यात तीनच चित्रपट केले, तिन्ही नवऱ्याचे. डिसेंबर 1960 मध्ये ती हृदयविकाराने गेली, 46 व्या वर्षी. क्रिस्तिना जिना चढताना छातीवर हात ठेवते तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही. पत्रकात हे लिहिलेलं नाही. कुणी बघताना ते डोक्यात ठेवून बघावं असं मला वाटत नाही.

17 ऑगस्ट

खेळ झाला. 90 खुर्च्या भरल्या, मागे काही जण उभे. पाच वाजून पाच मिनिटांनी दार लावलं. नंतर चौघे आले, त्यांना सचिवांनी बाहेर चहा दिला, आत घेतलं नाही.

मी पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त पाहिलं. माशाच्या प्रसंगात पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तोंडावर हात धरला. म्वानेच्या ओळीला कुणी हसेल याची मला धास्ती होती, कुणी हसलं नाही. पाइपाच्या ओळीला आप्पांनी मान डोलावली. शेवटच्या दहा मिनिटांत पंखे बंद केले होते, कुणी सांगितलं नव्हतं, मागच्या माणसाने स्वतः उठून केले.

संपल्यावर सत्तरीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. नऊवारी नेसलेल्या, मंडळाच्या सभासद नव्हेत, सुनेबरोबर आलेल्या. म्हणाल्या, “ओळी तुम्ही लिहिल्यात? एक विचारू? ती त्याला अरेतुरे करते, दारू ओतल्यावर. ते का?”

मी कारण सांगितलं. हात उगारला, तिथे तिचं तुटलं.

त्या म्हणाल्या, “हात उगारल्याने नाही तुटत हो. तो रोजच उगारत असेल. मी असते तर तलावात ढकलेस्तोवर ‘ते’च म्हटलं असतं. पाण्यात गेल्याचा आवाज आला, की मग.”

सून त्यांना रिक्षाकडे घेऊन गेली. नाव विचारायचं राहिलं.

18 ऑगस्ट

फाइल उघडली. पेला भरल्यापासून तलावापर्यंत क्रिस्तिनाच्या तोंडी ‘तो’ अकरा वेळा आहे. अकराही ‘ते’ केले आणि तो सगळा भाग परत चालवला. पेटाऱ्याशी झटताना, गाडीत, रात्रीच्या रस्त्यावर ती त्याला ‘ते’ म्हणते. पेटारा तलावाकाठी येतो, झाकण उघडतं, मग [धप्प]. त्यानंतर ती निकोलला जे पहिलं वाक्य बोलते तिथे ‘तो’ ठेवला. एकच.

बदललेली फाइल सचिवांना पाठवली. मुंबईच्या एका मंडळाने ऑक्टोबरमध्ये हीच सबटायटल्स मागितली आहेत. त्यांना नवी प्रत जाईल.